नौकापरीक्षेचे कागद : युक्तिकल्पतरु, लॉइडची नोंदवही आणि वाफेची मासेमारी नौका

(१)

मराठ्यांच्या आरमाराच्या लढाया, किल्ले, सरदार व सरंजाम यांविषयीं आजवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु जहाज बांधून तयार झाल्यावर तें समुद्रांत घालण्यास योग्य आहे किंवा नाहीं हें कोणीं ठरवावयाचें, कोणत्या कसोट्यांनीं ठरवावयाचें, आणि तो निर्णय कोणत्या लेखांत नमूद व्हावयाचा, ह्या प्रश्नाकडे अभ्यासकांचें लक्ष त्या मानानें थोडें गेलें आहे. वरवर पाहतां हा विषय सुतारांचा व लोहारांचा वाटतो. पण ज्यांचा व्यासंग जुन्या कागदांचा आहे त्यांस तो फार जवळचा आहे. कारण परीक्षा ही क्रिया असली तरी तिचें फल म्हणजे एक कागद असतो, आणि बहुधा तो कागदच मागें उरतो. जहाज उरत नाहीं.

या बाबतींत दोन मतें ऐकूं येतात. एक असें कीं, जहाजांची परीक्षा व वर्गवारी ही निखालस इंग्रजांची विद्या असून आपल्याकडे तिचा मागमूसही नव्हता. दुसरें असें कीं, धारेच्या भोजराजानें अकराव्या शतकांतच जहाजांचे सर्व वर्ग सांगून ठेविले असल्यामुळें इंग्रजांनीं नवीन असें कांहींच केलें नाहीं. दोन्ही मतें ऐकावयास सोपीं आहेत. पण कागदांच्या कसोटीस उतरतात काय, हें पाहणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु होय.

नाशिकशेजारचें अंबड हें समुद्रापासून दूरचें, घाटमाथ्यावरचें गांव. येथें आज यंत्रांचे कारखाने आहेत, आणि त्यांत तयार होणाऱ्या लहानशा भागासही तपासणीचा दाखला जोडावा लागतो. ह्या दाखल्याच्या वंशावळीची एक मोठी शाखा शोधीत गेल्यास ती बंदरावर जाऊन पोहोंचते. तेव्हां घाटावरच्या वाचकांसही हा विषय अगदींच परका वाटूं नये.

(२)

प्रथम युक्तिकल्पतरूचा विचार करूं. हा ग्रंथ भोजाच्या नांवावर मोडतो. राधाकुमुद मुकर्जी यांनीं १९१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या भारतीय नौकानयनावरील ग्रंथांत ह्याच्या हस्तलिखिताचा उपयोग करून तो विद्वानांच्या नजरेस आणिला, आणि १९१७ सालीं कलकत्त्यास त्याची छापील आवृत्ति निघाली.

ग्रंथकार आरंभीं लांकडाचे चार वर्ण करतो. मऊ, हलकें व सहज सांधतां येणारें लांकूड ब्राह्मण. हलकें पण कठीण व न सांधणारें तें क्षत्रिय. मऊ व जड तें वैश्य. कठीण व जड तें शूद्र. क्षत्रिय काष्ठाची नौका सुखसंपत्ति देते, आणि निरनिराळ्या वर्णांचीं लांकडें एकत्र केलेली नौका टिकत नाहीं, असा त्याचा अभिप्राय आहे. समुद्रांत लोहचुंबकाचे खडक असतात, म्हणून सागरगामी नौकेच्या फळ्या लोखंडानें न जोडतां दोऱ्यांनीं बांधाव्या, असेंही तो सांगतो.

पुढें नौकांचे सामान्य व विशेष असे दोन भेद येतात. सामान्य नौका दहा : क्षुद्रा, मध्यमा, भीमा, चपला, पटला, भया, दीर्घा, पत्रपुटा, गर्भरा व मंथरा. विशेष नौकांत दीर्घा व उन्नता असे दोन गट असून दीर्घेचे दीर्घिकेपासून वेगिनीपर्यंत दहा व उन्नतेचे पांच प्रकार आहेत. ह्याखेरीज नौकेवरील घरांच्या जागेवरून सर्वमंदिरा, मध्यमंदिरा व अग्रमंदिरा असे तीन भेद केले आहेत. भीमा, भया, गर्भरा, लोला, गामिनी, प्लाविनी इत्यादि कित्येक नौका अशुभ म्हणून वर्ज्य ठरविल्या आहेत.

ह्या मापांकडे बारकाईनें पाहिलें पाहिजे. क्षुद्रा १६ हात लांब, ४ हात रुंद व ४ हात उंच. येथपर्यंत प्रमाण सुताराच्या ओळखीचें आहे. पण भीमेपासून पुढें रुंदी नेहमीं लांबीच्या निम्मी आणि उंची रुंदीइतकीच येत जाते. शेवटची मंथरा १२० हात लांब, ६० हात रुंद व ६० हात उंच. हात दीड फुटाचा धरल्यास ही नौका १८० फूट लांब व ९० फूट उंच झाली. उलट दीर्घा गटांत लांबी सरसकट रुंदीच्या आठपट व उंची लांबीच्या दशांश आहे. असें एकसुरी गणित गोदीवरील अनुभवांतून निघत नाहीं. तें कोष्टक रचणाऱ्या पंडिताचें असतें. ग्रंथाचें मोल यामुळें कमी होत नाहीं, पण त्याचें स्वरूप ध्यानांत येतें. त्यांत नौकांचे प्रकार आहेत, नौका नाहीं. अमक्या बंदरांत, अमक्या दिवशीं, अमक्यानें बांधलेली, अमक्यानें तपासलेली अशी एकही नौका त्यांत सांपडत नाहीं. वर्गवारी आहे, परीक्षा नाहीं.

(३)

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत हवा बदलते. इ. स. १७१६ च्या सुमाराच्या ह्या ग्रंथांतील आरमाराचें प्रकरण हें राज्य चालविलेल्या माणसाच्या अनुभवाचें आहे. गुराबा अति थोर नकोत व अति लहानही नकोत, मध्यम रीतीच्या सजाव्या. वाऱ्यावांचून हलत नाहीं असें धूड काय कामाचें, हा त्यांतील विचार कोष्टकांतून आलेला नाहीं. आरमारास सागवानादि लांकूड परवानगीनें तोडून न्यावें. आंबा, फणस हीं झाडें आरमाराच्या उपयोगाचीं असलीं तरी त्यांस हात लावूं नये, कारण तीं वर्षा दोन वर्षांत होत नाहींत, रयतेनें तीं लेंकरांप्रमाणें वाढविलेलीं असतात. एखादें झाड जीर्ण झालें असल्यास धन्यास राजी करून, मोल देऊन घ्यावें, असा त्यांतील आशय सर्वश्रुत आहे.

येथें नौकेच्या गुणाची जबाबदारी शुभाशुभावरून उठून माणसावर आली. माल कोणता, तो कसा मिळवावा, हें सरकार पाहतें. तथापि तयार झालेल्या एकेका गलबताची परीक्षा करून दाखला देण्याची रीत आज्ञापत्रांत सांगितलेली नाहीं. राजाची जहाजें राजाच्या भरंवशावर चालत. तिऱ्हाइताची खात्री पटविण्याचें कारण तेथें नव्हतें. ही तिऱ्हाइताची खात्री जेथें आवश्यक झाली, तेथेंच परीक्षेचा कागद जन्मास आला.

(४)

तो तिऱ्हाईत म्हणजे विमेकरी. लंडनांत एडवर्ड लॉइड नांवाच्या गृहस्थाचें कॉफीगृह सतराव्या शतकाच्या अखेरीपासून जहाजवाल्या व्यापाऱ्यांचा अड्डा बनलें होतें. तेथें विमा उतरणाऱ्यास स्वतः न पाहिलेल्या जहाजावर पैसा लावावा लागे. ह्या अडचणींतून १७६० सालीं एक मंडळी स्थापन झाली आणि तिनें जहाजांची नोंदवही छापण्यास आरंभ केला. हल्लीं उपलब्ध असलेली सर्वांत जुनी प्रत १७६४ ची आहे. जहाजाच्या शरीराचा दर्जा इंग्रजी वर्णमालेंतील ए, ई, आय, ओ, यू ह्या पांच स्वरांनीं दाखवीत. नांगर, दोर इत्यादि सरंजामाचा दर्जा दुसऱ्या चिन्हानें. पुढें १७७५ च्या सुमारास सरंजामासाठीं आंकडे आले आणि ‘ए वन’ ही संज्ञा रूढ झाली. उत्तम वस्तूस ‘ए वन’ म्हणण्याची जी चाल आपल्या बाजारांतही शिरली आहे तिचें मूळ हें.

ही पद्धतिही प्रथम निर्दोष नव्हती. १७९७ च्या सुमारास दर्जा ठरवितांना जहाज कोणत्या ठिकाणीं बांधलें व किती वर्षांचें आहे ह्यांवरच भर देण्यांत येऊं लागला. लंडनच्या नदीवर जन्मलेलें जहाज श्रेष्ठ, इतर ठिकाणचें कनिष्ठ! चिडलेल्या जहाजमालकांनीं १७९९ सालीं आपली निराळी नोंदवही काढली. विमेकऱ्यांची हिरवी व मालकांची तांबडी अशा दोन वह्यांचा झगडा १८३४ सालीं दोन्ही संस्था एक होऊन मिटला. युक्तिकल्पतरूंतील काष्ठवर्ण वाचून हंसणाऱ्यांनीं हें प्रकरणही वाचावें. जन्मावरून योग्यता ठरविण्याचा मोह लंडनासही सुटला नव्हता.

आणखी एक साम्य लक्षांत घेण्याजोगें आहे. १८३४ नंतरच्या नियमांतही दर्जाची मुदत मुख्यतः लांकडाच्या जातीवरून ठरे. लांकडांची प्रतवार यादीच केलेली असे. मात्र ही प्रत टिकाऊपणाच्या अनुभवावरून लावलेली असल्यामुळें तींत हिंदुस्थानचें सागवान इंग्लिश ओकच्या पंक्तीस, पहिल्या वर्गांत बसलें. १८५५ सालीं लोखंडी जहाजांसाठीं नियम निघाले आणि १८७० पासून ‘१०० ए १’ ही सर्वोच्च खूण सुरू झाली. लोखंड आलें तेव्हां काष्ठजातीचा प्रश्नच मावळला. त्याच्या जागीं पत्र्याची जाडी, बरगड्यांमधील अंतर व सांध्यांची बळकटी हीं आलीं. जात गेली आणि माप आलें, असें थोडक्यांत म्हणतां येईल.

(५)

आतां ही परीक्षा प्रत्यक्ष कशी होई हें पाहण्यासाठीं वाफेवर चालणारी मासेमारी नौका घेऊं. मोठ्या आगबोटी सोडून हें लहान उदाहरण घेण्याचें कारण असें कीं, अशा नौकेंत उतारू नाहींत व व्यापाऱ्याचा मालही नाहीं. त्यामुळें कायद्याचा हात तिच्यावर हलका होता आणि खासगी परीक्षेचें स्वरूप तिच्यांत स्पष्ट दिसतें.

१८७७ सालीं नॉर्थ शील्ड्स येथील विल्यम पर्डी यानें ‘मेसेंजर’ नांवाच्या चाकाच्या ओढबोटीस ट्रॉल, म्हणजे समुद्राच्या तळावरून ओढावयाचें जाळें, लावून पाहिलें. १८८१ सालीं हल येथील अर्ल कंपनीच्या गोदींत ग्रिम्सबीच्या मंडळीसाठीं ‘झोडिअॅक’ ही खास ह्याच कामाची वाफेची नौका बांधली गेली. पुढील वीस वर्षांत अशा शेंकडों नौका झाल्या. त्यांची लांबी साधारणतः रुंदीच्या पांचपट असे. युक्तिकल्पतरूंतील दुप्पट व आठपट ह्या दोन टोंकांच्या मध्यें.

मालकास दर्जा हवा असल्यास गोदीवाल्यानें आधीं नकाशे पाठवावयाचे. लांबी, रुंदी व खोली यांवरून कोष्टकांत एक आंकडा निघे, आणि त्या आंकड्यावरून पठाण, बरगड्या, तुळया व पत्रे यांची कमींत कमी जाडी ठरे. नकाशा मंजूर झाल्यावर स्थानिक परीक्षक काम चालू असतांनाच फेऱ्या घाली : पठाण बसवितांना, बरगड्या उभ्या झाल्यावर, पत्रे चढवितांना, आंतील अंग सिमेंटनें झांकण्यापूर्वीं आणि शेवटीं. रिव्हेट भोंकांत भरून बसले आहेत काय, पत्र्यांचीं टोंकें नीट जुळलीं आहेत काय, पाणी न शिरणाऱ्या आडव्या भिंती बरोबर आहेत काय, हें तो पाही. अशा देखरेखीखालीं बांधलेल्या जहाजाच्या नोंदीपुढें माल्टाच्या क्रूसाची खूण छापीत. नांगर व सांखळ्या ह्यांची ओढ घेऊन परीक्षा करणें १८६४ च्या कायद्यान्वयें निराळ्या परीक्षागृहांत होई. त्यांचे दाखले परीक्षकास पाहावे लागत. बॉयलर चालू दाबाच्या दुप्पट दाबाच्या पाण्यानें कसला जाई, आणि यंत्रासाठीं यंत्रपरीक्षकाचा स्वतंत्र दाखला असे.

मग परीक्षक छापील प्रश्नपत्र भरी. बांधणाराचें नांव, मालक, पाण्यांत सोडल्याचा दिवस, मापें, प्रत्येक भागाची नियमानें ठरलेली व प्रत्यक्ष असलेली जाडी शेजारीं शेजारीं, कारागिरीविषयीं मत, आणि शेवटीं शिफारस. निर्णय मात्र तो देत नसे. लंडनची समिति कागद पाहून दर्जा ठरवी, कागदावर तारखेसह शेरा मारी, आणि नोंदवहींत नांव चढे. मासेमारी नौकेच्या दर्जापुढें ‘स्टीम ट्रॉलर’ असे शब्द जोडीत. म्हणजे ही शाबासकी ह्या कामापुरती आहे, वाटेल त्या सागरावरील वाटेल त्या मालासाठीं नव्हे. शिवाय दर्जा कायमचा नसे. चार चार वर्षांनीं फेरपरीक्षा, आणि ती न करविल्यास खूण रद्द.

तथापि ह्या कागदाची मर्यादाही सांगितली पाहिजे. दर्जा घेणें सक्तीचें नव्हतें. १८७६ च्या कायद्यानें व्यापारी जहाजांस भारमर्यादेची रेघ लावण्यास भाग पाडलें, पण मासेमारी नौका त्यांतून वगळल्या होत्या. १८६८ च्या कायद्यानें त्यांस बंदराचीं अक्षरें व क्रमांक रंगविणें भाग पाडलें. पण क्रमांक म्हणजे ओळख, बळकटी नव्हे. मार्च १८८३ च्या वादळांत उत्तर समुद्रावर दोनशेंहून अधिक कोळी बुडाले. विमेकरी नौकेची किंमत जाणत होता. तीवरील पोराची किंमत कोणत्याच कोष्टकांत नव्हती.

(६)

आतां आपल्या किनाऱ्याकडे वळूं. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ सालीं सुरतेहून मुंबईस आले आणि त्यांच्या वंशजांनीं पुढें शतकाहून अधिक काळ मुंबईच्या गोदीचें काम संभाळिलें. त्या गोदींतून १८१७ सालीं उतरलेली ‘ट्रिंकोमाली’ ही सागवानी युद्धनौका आजही इंग्लंडांत हार्टलपूल येथें पाण्यावर उभी आहे. सागवानाच्या दर्जाविषयीं ह्याहून सबळ साक्ष कोणती? तथापि १८१५ सालीं पार्लमेंटनें हिंदुस्थानांत बांधलेल्या जहाजांच्या नोंदणीसाठीं वेगळा कायदा केलाच. राजकारणाचा न्याय व लांकडाचा न्याय हे एकमेकांस विचारून चालत नाहींत. म्हणूनच विमेकऱ्यांच्या कागदांत सागवानास मिळालेला पहिला वर्ग हा इतिहासकारास अधिक विश्वसनीय पुरावा वाटतो. तो स्तुतीसाठीं लिहिलेला नाहीं. पैसा बुडूं नये म्हणून लिहिलेला आहे.

वाफेच्या युगांतही मुंबई मागें नव्हती. ४११ टनांची ‘ह्यू लिंडसे’ मुंबईस १८२९ सालीं पाण्यांत उतरली आणि २० मार्च १८३० रोजीं सुएझकडे निघाली. एडनला पोहोंचली तेव्हां तिच्यांत अवघा सहा तासांचा कोळसा शिल्लक होता. पुढें १८४१ सालीं आर्देशर कर्सेटजी वाडिया हे कंपनीच्या मुंबईंतील वाफयंत्रांच्या कारखान्याचे मुख्य एंजिनिअर व यंत्रांचे परीक्षक झाले. त्याच वर्षीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें त्यांस सभासद निवडिलें. हा मान मिळालेले ते पहिले हिंदी गृहस्थ. त्यांच्या हाताखालीं युरोपीय फोरमन व कारागीर होते. म्हणजे ज्या काळीं ग्रिम्सबीच्या वाफेच्या नौका अजून चाळीस वर्षें दूर होत्या, त्या काळीं मुंबईंत यंत्राची परीक्षा करून तें पास अथवा नापास करण्याचा अधिकार एका हिंदी माणसाच्या हातीं होता. पहिल्या मताचें, म्हणजे ही विद्या आपल्या हातास कधीं लागलीच नाहीं ह्या मताचें, उत्तर ग्रंथांतील श्लोकांत नसून ह्या नेमणुकींत आहे.

लहान नौकांचें काय? १८३८ च्या १९ व्या कायद्यानें मुंबई इलाख्याच्या किनाऱ्यावरील गलबतें व कोळ्यांच्या मासेमारी होड्या यांनीं नांव व क्रमांक धारण करावा आणि नोंदणीचा दाखला घ्यावा असें ठरलें. लक्षांत घ्यावें कीं इंग्लंडांतील मासेमारी नौकांचा वर उल्लेखिलेला कायदा ह्यानंतर तीस वर्षांनीं झाला. १८८४ च्या ७ व्या कायद्यानें उतारू नेणाऱ्या आगबोटींची परीक्षा सक्तीची केली. ही परीक्षा विमेकऱ्याच्या नव्हे तर उतारूच्या हिताची. तिची गरज किती होती व ती एकटी किती अपुरी होती, हें १७ जुलै १९४७ रोजीं रेवसच्या वाटेवर सहाशेंहून अधिक माणसांसह बुडालेल्या ‘रामदास’ बोटीनें ह्या किनाऱ्यास कायमचें शिकविलें. वाफेची मासेमारी मात्र येथें रुजली नाहीं. १९२१-२२ सालीं मुंबई सरकारनें ‘विल्यम कॅरिक’ ही वाफेची ट्रॉलर चालवून पाहिली, पण हिशेब जुळला नाहीं. दर्जा देणारी स्वतःची संस्था, इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग, मुंबईंत १९७५ सालीं उभी राहिली.

(७)

ह्या सर्व विवेचनावरून निर्णय असा होतो. युक्तिकल्पतरूंत वर्ग आहेत पण व्यक्ति नाहीं. आज्ञापत्रांत जबाबदारी आहे पण दाखला नाहीं. लॉइडच्या कागदांत व्यक्ति, दिनांक, परीक्षकाची सही व मुदत हीं चारही आहेत. हें अधिकपण बुद्धीचें नव्हे, प्रयोजनाचें आहे. जेथें अनोळखी माणसास अनोळखी जहाजावर विसंबावें लागलें तेथें लेख झाला. दोन्ही पक्षांनीं ग्रंथाची तुलना ग्रंथाशीं केली. तुलना लेखाशीं करावयास हवी होती.

शेवटीं संग्राहकांस एक विनंती. लॉइड्स रजिस्टरच्या प्रतिष्ठानानें आपले दहा लाखांहून अधिक जुने नकाशे व परीक्षापत्रें जतन केलीं असून त्यांतील पुष्कळ कागद छायाचित्रित करून सर्वांस पाहण्यास खुले केले आहेत. आपल्या किनाऱ्यावरील नौकांचे कागद मात्र घरोघरच्या रुमालांत असतील तर असतील. मोडी कागद दिसला कीं आपण हात जोडतों आणि त्याच रुमालांतील छापील इंग्रजी फॉर्म रद्दी म्हणून बाजूस टाकतों, ही चाल मोडली पाहिजे. असा दाखला हातीं आल्यास तो मूळ रुमालांतून वेगळा काढूं नये. पाठीवरचे शेरे टिपावे. नौकेचें नांव, क्रमांक व तांडेलाचें नांव उतरून घ्यावें. माप खंडींत आहे कीं टनांत हें अवश्य नोंदावें. कोळ्याची होडी आठ दहा पावसाळ्यांत कुजून जाते. तिनें समुद्र पाहिला होता एवढें सांगणारा साक्षीदार तो एकच कागद असतो, आणि तोही आपल्या हातून गेला तर त्या किनाऱ्याचा इतिहास पुन्हां फक्त किल्ल्यांचा व सरदारांचाच राहील.